संध्याकाळच्या चहापर्यंतचं भाडं

माझ्याकडे एक कामाझ ट्रक आहे आणि एक नियम आहे. ट्रक जुना आहे, नियम सहा वर्षांचा. सकाळी निघून संध्याकाळी घरच्या चहाला परत येता येत नसेल, तर ते भाडं मी घेत नाही. कारा-केचेच्या खाणीतला कोळसा, कोचकोरचे बटाटे, उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर जाणाऱ्यांचे तंबू आणि मेंढ्या, थंडीच्या आधी सुकं गवत, एवढंच माझं राज्य. खाणीवर रांग लांब दिसली तर मी रिकामाच परत फिरतो. बाकीचे ड्रायव्हर मला घरकोंबडा म्हणतात. म्हणोत. कोंबड्याला निदान स्वतःचं अंगण असतं.

पूर्वी मी असा नव्हतो. तालासचा राजमा भरून सायबेरियात जायचो, येताना लाकूड आणायचो, महिन्यातले चार दिवस घरी. आई गेली तेव्हा मी नोवोसिबिर्स्कला एका गोदामाच्या दारात ओरडत उभा होतो, कारण ते माल उतरवून घेत नव्हते. आमच्याकडे मरणाची बातमी कुणी तोंडावर फेकत नाही. चुलता फोनवर म्हणाला, ‘‘आईला जरा बरं नाही. ये, पण घाई करू नकोस.’’ मामा म्हणाला, ‘‘माल राहू दे, तू ये.’’ मी चिडलो. बरं नाही तर डॉक्टरला बोलवा, मला कशाला बोलावता? गावाच्या अलीकडे तीन म्हातारे रस्त्यात उभे होते. त्यांनी मला खाली उतरवलं, मध्ये घेतलं आणि राजेही जातात, डोंगरही झिजतात, असं लांबून लांबून बोलत शेवटी सांगितलं. पाचवा दिवस होता. कबरीत माती टाकायची ती इतरांनी टाकून झाली होती.

अशा वेळी मुलाने कसं यायचं तेही ठरलेलं आहे. कमरेला पट्टा बांधून, घरापासून लांब असतानाच हंबरडा फोडत यायचं. दारातली माणसं काठीला टेकून उभी राहतात आणि तुझ्या रडण्याला रडण्याने उत्तर देतात. अख्खा गाव तो आवाज ऐकायला थांबलेला असतो. मी गेलो, तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडलं? ‘‘गाडी कुठे लावू?’’

झालं. तेवढंच. लोकांनी माना खाली घातल्या. लग्नात, बारशात, कुठेही चार माणसं जमली की कुणीतरी कुणाच्या तरी कानात ते अजून सांगतं. आणि खरं सांगतो, त्यानंतर सहा वर्षं मला आईसाठी रडूच आलं नाही. रडू काही शेजाऱ्याकडून मागून आणता येत नाही.

म्हणून मी लांबच्या फेऱ्या सोडल्या. वडील अठ्ठ्याहत्तरचे आहेत. त्यांच्या वेळी मी दारात असणार, पहिली मूठ माती माझी असणार. माझा धंदा हा एवढ्यासाठी आहे. याला धंदा म्हणायचं की पहारा, ते तुम्ही ठरवा.

त्या सकाळी पहिली गोष्ट बिघडली ती अशी की वडील बाहेर आले नाहीत. रोज पहाटे ते आपल्या झिजलेल्या बुटांत पाय घालून येतात, काठीने सगळे टायर एकेक करून ठोकतात, एखादा शिव्या घालण्याजोगा सापडला तर शिव्या घालतात, मग तळवे उघडून मला वाटेचा आशीर्वाद देतात आणि ‘‘ओमीन’’ म्हणून तोंडावरून हात फिरवतात. सहा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. मी हौदा धूत होतो. आदल्या दिवशी कोळसा होता आणि आज बटाटे भरायचे होते. बटाटे काळे झाले तर त्यांचा व्यापारी सागिन माझी चामडी काढेल. धुऊन झालं, इंजिन तापलं, तरी वडील नाहीत. जुने बूट दारात तसेच.

‘‘बाबा उठले नाहीत?’’ मी साबिराला विचारलं. साबिरा माझी बायको.

‘‘झोपू दे ना त्यांना,’’ ती म्हणाली, पण माझ्याकडे न बघता. ‘‘रात्री खोकत होते. तुम्ही निघा. आणि आज लवकर या.’’

‘‘लवकर म्हणजे?’’

‘‘लवकर म्हणजे लवकर. त्याला काय फोड करून सांगायची?’’

माझी मुलगी बेगायम दारात उभी होती. कोचकोरच्या दवाखान्यात नर्स आहे, तेवीस वर्षांची, कुणाला घाबरत नाही. तिचे डोळे लाल होते. मी बघितल्यावर आत गेली. आशीर्वादाशिवाय गाडी काढताना मला कसंतरीच झालं, पण बायकांशी सकाळी सकाळी वाद घालण्यापेक्षा घाट चढणं सोपं.

सागिनचं बटाट्याचं गोदाम कोचकोरच्या बाजाराच्या मागे आहे. तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला मानाने साके म्हणतो, आणि तो मला मानाबिनाशिवाय वाटेल ते म्हणतो. रोज माझं स्वागत कसं होतं? ‘‘या, घरकोंबडे आले! बायकोने सोडलं का?’’ आज तो गोदामाच्या दारात गुळगुळीत दाढी करून, नवी कोरी पांढरी लोकरी नमद्याची टोपी घालून उभा. मला बघितलं आणि जीभ चावल्यासारखा गप्प झाला.

‘‘साके, ताडपत्री काढू का?’’

‘‘नको. आज भरायचं नाही.’’

‘‘का? बालिकचीवाले वाट बघतायत.’’

‘‘बघू देत. बटाटे काय पळून जातायत? तू घरी जा, एसेन.’’

‘‘घरी कशाला? काय झालं?’’

‘‘काय होणार? काही नाही. सगळं देवाच्या हातात असतं.’’ त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. सहा वर्षांत त्या माणसाने माझ्या खांद्यावर पोतं ठेवलं होतं, हात कधी नाही. ‘‘चहा पिऊन जा. आणि हळू चालव. घाई करू नकोस.’’

घाई करू नकोस. तेच शब्द. मी चहा प्यायलो की नाही ते मला आठवत नाही. त्याने वाटी हातात दिली होती एवढं खरं. तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता, सारखा टोपी नीट करत होता.

मी साबिराला फोन लावला. उचलला नाही. बेगायमला लावला. तिने उचलला आणि नुसतं नाक ओढलं.

‘‘बेगा, काय झालं गं?’’

‘‘बाबा, तुम्ही या. तुम्ही आधी या. फोनवर मी नाही सांगू शकत.’’ आणि बंद.

मग वडिलांना. फोन उचलला जोदारने. जोदार म्हणजे आमच्या गावातला सगळ्यात म्हातारा माणूस, आणि आई गेली तेव्हा रस्त्यात उभे होते त्या तिघांतला एक. याच्याकडे माझ्या बापाचा फोन कसा?

‘‘बाबांना द्या,’’ मी म्हणालो.

‘‘तुझा बाप आत्ता बोलू शकत नाही, पोरा.’’

‘‘का नाही?’’

‘‘तू ये. मग सगळं बोलू.’’

मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात. पण मी मुद्दाम उलटं चिंतलं. म्हटलं, म्हातारा पडला असेल, पाय मोडला असेल. मोडू दे, पाय जुळतो. खोकला वाढला असेल. मग बेगायम, नर्स असून, रडते का? कदाचित माझा लहान भाऊ बिश्केकहून आला असेल, त्यांना मला चकित करायचं असेल. मग जोदार कशाला? एका बाजूने मी स्वतःला गाढव म्हणत होतो आणि दुसऱ्या बाजूने पाय आपोआप जोर लावत होता. पुन्हा वाटायचं, घाई करू नकोस म्हणालेत. म्हणजे घाई करून उपयोग नाही. म्हणजे संपलंय. मग पाय सुटायचा. घाटातल्या गाड्यांनी मला हॉर्नवर हॉर्न दिले, कारण माझा ट्रक दारू प्यायल्यासारखा चालला होता.

वाटेत डिझेल संपत आलं. पंपावरची रोझा एजे, म्हणजे रोझाताई, जिने कधी कुणाला गोड शब्द दिला नाही, ती स्वतः उठून बाहेर आली. नळ सोडला.

‘‘तोंड धू आधी,’’ म्हणाली. ‘‘कोळशाने काळा झालायस. अशा दिवशी माणसाने असं घरी जाऊ नये.’’

‘‘कशा दिवशी, एजे?’’

‘‘मला काय विचारतोस? मी बोलायची नाही, तुझ्या घरच्यांनी बोलायचं. धू.’’

मी धुतलं. पाण्याबरोबर काळं गेलं आणि शंकाही गेली. अख्ख्या खोऱ्याला माहीत आहे आणि मला एकट्याला नाही, असं एकाच गोष्टीचं असतं. मला रडू येत नव्हतं. मला राग आला होता. सहा वर्षं! सहा वर्षं मी कोळसा, बटाटे आणि दुसऱ्यांच्या मेंढ्यांची लेंडं वाहिली, शहाण्यांची बोलणी खाल्ली, सगळं दारात असावं म्हणून. आणि म्हातारा गेला कधी, तर मी खाली अंगणात हौदा धूत असताना, भिंतीपलीकडे, बूट दारात ठेवून.

वळण ओलांडलं आणि घर दिसलं. अंगणात नमद्याचा गोल तंबू उभा होता. सकाळी नव्हता. आमच्याकडे मयताला तंबू उभारतात. बाजूला मोठ्या कढईखाली धूर. खिडकी उघडी होती, तळणाचा वास रस्त्यापर्यंत आला. बायका बोरसोक, म्हणजे कणकेचे छोटे तुकडे, तळत होत्या. मयताच्या घरी तेलाचा वास निघालाच पाहिजे. तंबूपाशी टोप्या घातलेले पुरुष दोघातिघांनी उभे.

मी ट्रक लांबच थांबवला. गाडी कुठे लावू हे या वेळी कुणाला विचारलं नाही. कमरेला पट्टा हवा, तर पट्टा नव्हता. माल बांधायचा दोर ओढून काढला, कमरेला दोन वेढे दिले, आणि धावत सुटलो. मला भीती होती ती फक्त आवाजाची. तोंड उघडलं.

फुटला. देवा, काय फुटला! ‘‘बापा रे, माझ्या बापा! माझ्या पाठीच्या डोंगरा! कुणाच्या आडोशाला बसू रे आता!’’ पलीकडच्या शेतातली कुत्री उठली.

अंगणातली माणसं वळली. क्षणभर ती नुसती बघत राहिली. मग जोदारने काठी पुढे घेतली, तिच्यावर वाकला आणि माझ्या रडण्याला उत्तर दिलं. बाकीचे त्याच्या शेजारी ओळीने उभे राहिले आणि तेही हुंदके देऊ लागले. मला काय शंका उरणार? माझ्या मागे एक गाडी येऊन थांबली. तिच्यातून सागिन उतरला, त्याचे दोन भाऊ उतरले, त्याची बायको उतरली. त्यांनी आवाज ऐकला आणि एक शब्द न विचारता पट्टे आवळले. सागिन माझ्यामागून ‘‘भावा रे!’’ करत धावत आला. घरातल्या बायकांनी तळण सोडून आतून सूर लावला.

आणि घराच्या मागून माझे वडील आले. बाह्या वर, दोन्ही हात कोपरापर्यंत मेंढीच्या रक्ताने भरलेले, पायात नवे बूट, चेहरा पांढराफटक.

‘‘कोण गेलं?’’ ते ओरडले. ‘‘अरे, कोण गेलं?’’

जोदारने डोळे पुसले. ‘‘मला काय माहीत? तुझा मुलगा रडत आला. त्याला माहीत असेल.’’

‘‘आम्ही पण याचंच ऐकून,’’ सागिन म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी वडिलांकडे बघत होतो.

‘‘तुम्ही,’’ मी म्हणालो.

‘‘मी काय?’’

‘‘तुम्ही गेलात ना?’’

‘‘कुठे?’’

घराच्या दारात साबिरा हातात झारा घेऊन उभी होती. तिने कपाळावर हात मारला. ‘‘अहो, सोयरीक आहे! बेगाची सोयरीक! साक्यांच्या मधल्या मुलाशी! तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही मागच्या वर्षीसारखं केलं असतं!’’

मागच्या वर्षी नारिनहून बेगायमसाठी मागणी घालायला आले होते. मी त्यांना ‘‘माझी मुलगी म्हणजे काय बटाट्याचं पोतं आहे, वजन करून न्यायला?’’ असं म्हणून चहाशिवाय घालवलं होतं. आमच्याकडे चहाशिवाय कुत्र्यालाही घालवत नाहीत. म्हणून या वेळी सगळ्यांनी ठरवलं की सागिनच्या बायकोने पोरीच्या कानात डूल घालून सोयरीक पक्की करायची वेळ येईपर्यंत मला पत्ता लागू द्यायचा नाही. वडील पहाटेच नवे बूट घालून कढई मागायला गेले होते. जोदारने फोन उचलला तेव्हा त्यांचे हात मेंढीत होते. तंबू पाहुण्यांना बसवायला होता. बेगायम रडत होती ती माझ्या तोंडाच्या भीतीने. आणि सागिन, माझा होणारा व्याही, माझ्या नजरेला नजर देणार कशी?

हे सगळं मला कळलं. शब्दन्‌शब्द कळला. बाप समोर उभा आहे, रक्त मेंढीचं आहे, पोरीचं लग्न ठरतंय, घर चांगलं आहे, मुलगाही बरा आहे. आता हसायचं. अंगणातले तिघेचौघे हसायलाही लागले होते. मी हसायला तोंड उघडलं आणि पुन्हा तोच आवाज निघाला. थांबेना. मी दोराला धरून जमिनीवर बसलो. शब्द आता ‘‘बापा रे’’ नव्हते. कधी बदलले मला कळलं नाही. ‘‘आई गं,’’ मी म्हणत होतो, ‘‘आई, मी उशिरा आलो गं, आई.’’

लोक गोंधळले. सागिनचा भाऊ पुटपुटला, ‘‘हा अपशकुन आहे. डूल घालायच्या दिवशी रडणं.’’ सागिनच्या बायकोने डुलांची पुडी मुठीत घट्ट धरली. साबिरा मला उठवायला धावली.

‘‘हात लावू नकोस त्याला,’’ वडील म्हणाले.

ते माझ्याजवळ आले. हात धुतले नव्हते. शेजाऱ्याची काठी घेतली, तिच्यावर टेकले आणि माझ्या शेजारी उभे राहिले.

‘‘सागिन,’’ ते म्हणाले, ‘‘अपशकुन नाही. पोरीची आजी या बोलावण्यातून राहिली होती. तिला बोलावतोय तो. सहा वर्षं अडकून होतं ते. होऊ दे त्याचं.’’ आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माझा बाप, जो आईच्या वेळी सगळ्यांसमोर रडून मोकळा झाला होता, तो माझ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून रडला.

बाकीचे काय करणार? जोदार उभा राहिला. मग सागिनही येऊन आमच्या ओळीत उभा राहिला, नवी टोपी डोळ्यांवर ओढून. तो काही आईला ओळखत नव्हता. आतल्या बायकांतून बेगायमचा आवाज मला वेगळा ऐकू आला. किती वेळ गेला माहीत नाही. कढईतून करपट वास आला एवढं आठवतं, कारण त्यावरूनच सगळं थांबलं. साबिरा ओरडली, ‘‘मांस करपलं!’’

मग डूल घातले. मी कमरेचा दोर सोडायचा विसरलो होतो आणि तसाच जेवायला बसलो. सागिनने बघितलं आणि दिवसभरात पहिल्यांदा माझी थट्टा केली. ‘‘व्याही, तुम्हाला बांधून आणलं काय घरच्यांनी?’’ एवढं हसू आलं की मला ठसका लागला.

एक गोष्ट अजून मला नीट उलगडत नाही. मी धावत सुटलो तेव्हा नक्की कुणासाठी रडत होतो? बापासाठी म्हणावं तर बाप समोर उभा. आईसाठी म्हणावं तर ती मनातही नव्हती. मी खूप विचार केला. विचार करून काही सापडत नाही.

दुसऱ्या सकाळी वडील जुन्या बुटांत बाहेर आले. काठीने टायर ठोकले, मागच्या डाव्याला शिव्या घातल्या, तळवे उघडले. मग तसेच तळवे उघडे ठेवून थांबले.

‘‘आता तू हवा तेवढा लांब जा,’’ म्हणाले. ‘‘सायबेरियात जा. मी गेलो तर धावू नकोस. माझं मी ऐकून घेतलंय, चांगलं रडलास. माझ्या ओळखीत कुणाला जिवंतपणी ऐकायला मिळालं नाही.’’

‘‘बाबा!’’

‘‘फक्त ‘डोंगरा’ म्हणालास तिथे आवाज जरा कमी पडला,’’ ते म्हणाले, ‘‘ओमीन’’ केलं आणि तोंडावरून हात फिरवला.

मी गाडी काढली. वाटेत एकाचा फोन आला, नोवोसिबिर्स्कचं भाडं आहे, पैसे बरे आहेत, येतोस का. मी म्हटलं, नाही बुवा, आज व्याह्याचे बटाटे आहेत. बालिकचीला गेलो, उतरवून दिले आणि संध्याकाळी चहाला घरी होतो.